दंतकथेतील प्राण्यांचा शोध घेणारे दूरचित्रवाणी-कार्यक्रम आणि कुटुंबयोग्यतेचा निकष

एखादा कार्यक्रम कुटुंबातील लहानथोरांनी एकत्र बसून पाहण्याजोगा आहे किंवा नाही, हा प्रश्न सामान्यतः श्लील-अश्लीलतेच्या परिभाषेत विचारला जातो. पडद्यावर रक्तपात आहे काय, शिवीगाळ आहे काय, स्त्रीपुरुषसंबंधांचे उघडे चित्रण आहे काय, एवढे पाहिले की परीक्षण संपले असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु अमेरिकेत गेल्या काही दशकांत असा एक कार्यक्रमप्रकार उदयास आला, की ज्याच्या बाबतीत या सर्व प्रश्नांची उत्तरे बहुधा समाधानकारक मिळतात आणि तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. ज्यांचे अस्तित्व सिद्ध झालेले नाही अशा प्राण्यांच्या मागावर निघालेल्या माणसांचे हे कार्यक्रम होत. त्यांना रिअ‍ॅलिटी शो, म्हणजे वास्तवाचे कार्यक्रम, म्हणतात. या नामाभिधानातील ‘वास्तव’ हाच शब्द प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अमेरिकेतील वर्गीकरणाची पद्धती प्रथम पाहणे इष्ट ठरेल. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने दूरचित्रवाणी-संचांत नको ते कार्यक्रम रोखणारी व्ही-चिप बसविणे बंधनकारक केले, आणि तिला उपयोगी पडावी म्हणून वाहिन्यांनी स्वतःच एक श्रेणीव्यवस्था तयार करून १९९७ च्या प्रारंभापासून ती अमलात आणली. लहान मुलांसाठी टीव्ही-वाय आणि टीव्ही-वाय-७, सर्वांसाठी टीव्ही-जी, पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्यासाठी टीव्ही-पीजी, त्यापुढे टीव्ही-१४ आणि टीव्ही-एमए अशा या श्रेणी आहेत. त्याच वर्षी त्यांना सूचक संवाद, असभ्य भाषा, लैंगिक प्रसंग व हिंसा यांची निदर्शक अक्षरे जोडण्यात आली. या अक्षरांत एक मोठे चमत्कारिक आहे. सात वर्षांवरील मुलांच्या कार्यक्रमांत ‘काल्पनिक हिंसा’ अशी एक स्वतंत्र खूण आहे. म्हणजे हिंसा काल्पनिक की वास्तव, हा भेद व्यवस्थेला ठाऊक आहे. मात्र दाखविलेला प्राणी काल्पनिक की वास्तव, हे सांगणारी खूण तिच्यात नाही. व्यवस्थेचे हे मौन अपघाती नव्हे. तिने मुलांच्या भावनांचे रक्षण करण्याचे ठरविले. त्यांच्या ज्ञानाचे रक्षण हा तिचा हेतूच नव्हता.

चित्रपटांच्या क्षेत्रात हेच पूर्वी घडून गेले होते. आर्कान्सास राज्यातील फाउक या गावाभोवती वावरणाऱ्या कथित केसाळ प्राण्यावर चार्ल्स पिअर्स यांनी १९७२ मध्ये ‘द लीजंड ऑफ बॉगी क्रीक’ हा चित्रपट काढला. त्याची घडण माहितीपटाची होती आणि प्रत्यक्ष गावकऱ्यांनीच त्यात कामे केली होती. त्याला ‘जी’, म्हणजे सर्वांना पाहण्यास योग्य, ही श्रेणी मिळाली. रक्त नाही, अपशब्द नाही, तेव्हा आक्षेपास जागा उरली नाही. पुढे १९७७ ते १९८२ या काळात लिओनार्ड निमॉय यांच्या निवेदनाने गाजलेल्या ‘इन सर्च ऑफ’ या मालिकेने निदान प्रारंभीच बजावून ठेवले होते की, येथील माहितीत तर्काचा व अनुमानाचा भाग आहे आणि सुचविलेली स्पष्टीकरणे हीच केवळ शक्य आहेत असे नव्हे. त्या मालिकेच्या शास्त्रीयतेविषयी फारसे चांगले बोलता येणार नाही. पण तिने आपल्या विधानांचा दर्जा आधी सांगितला, ही गोष्ट पुढील इतिहास पाहता लहान ठरत नाही.

या परंपरेतील अलीकडची प्रातिनिधिक मालिका म्हणजे अ‍ॅनिमल प्लॅनेट या वाहिनीवरील ‘फाइंडिंग बिगफुट’. मे २०११ मध्ये ती सुरू झाली आणि मे २०१८ मध्ये संपली. मॅट मनीमेकर, क्लिफ बॅरकमन, जेम्स ‘बोबो’ फे आणि रने हॉलंड अशा चौघांचे पथक प्रत्येक भागात एखाद्या नव्या प्रदेशात जाई. एखादी चित्रफीत किंवा साक्षीदाराची हकिगत तपासावी, गावकऱ्यांची सभा भरवून कोणी काय पाहिले ते विचारावे, साक्षीदाराने दाखविलेल्या जागी तोच प्रसंग पुन्हा उभा करावा, आणि रात्री उष्णता टिपणारे कॅमेरे घेऊन रानात जाऊन आरोळ्या ठोकाव्यात व लाकडाने झाडांवर ठोके द्यावेत, असा तिचा ठरलेला क्रम होता. अंधारातून काही प्रतिध्वनी आला की पथकातील बहुतेकांची खात्री पटे. सात वर्षांत प्राणी सापडला नाही. कार्यक्रमाची श्रेणी बहुधा टीव्ही-पीजी असे, आणि पथकाचे वर्तन इतके निरुपद्रवी होते की त्या श्रेणीलाही कोणी अतिशयोक्ती म्हणावे.

भाषाभ्यासकाचे लक्ष प्रथम शीर्षकाकडेच जाते. इंग्रजीत एखादी वस्तू धुंडाळणे आणि ती सापडणे यांसाठी निरनिराळे धातू आहेत, आणि त्यांचे तार्किक वर्तनही निराळे आहे. जी वस्तू मुळात नाही तिला धुंडाळता येते. नसलेली वस्तू सापडू मात्र शकत नाही. झीनो व्हेंडलर यांनी १९५७ मध्ये क्रियापदांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात सापडणे हे सिद्धिवाचक क्रियापदांत येते. ते कृतीचे नव्हे तर फलप्राप्तीचे वाचक होय. मराठीत हाच भेद एका नामाभोवती दोन क्रियापदे फिरवून साधला जातो. शोध ‘घेतला’ जातो आणि शोध ‘लागतो’. राजहंस सोन्याची अंडी कोठे घालतो याचा शोध जन्मभर घेता येईल. तो लागण्यासाठी मात्र तसा राजहंस असावा लागतो. शोध घेणाऱ्या मालिकेने शोध लागल्याचे शीर्षक धारण केले, हे या कार्यक्रमाचे पहिले आणि सर्वांत मोठे असत्य विधान होय. आणि ते विधानाच्या रूपात नसल्यामुळे त्याचे खंडन कोणी करीत नाही.

बर्ट्रंड रसेल यांनी १९०५ मध्ये ‘फ्रान्सचा विद्यमान राजा टकला आहे’ या वाक्याची चर्चा केली, आणि पीटर स्ट्रॉसन यांनी १९५० मध्ये तिला उत्तर दिले. स्ट्रॉसन यांचे म्हणणे असे की, राजाचे अस्तित्व हे त्या वाक्याचे प्रतिपादन नसून गृहीत आहे; गृहीतच खोटे असेल तर वाक्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्न उपस्थित होत नाही. तत्त्वज्ञांचा हा वाद कोणाला शुष्क वाटला तर त्याने या मालिकेचा एखादा भाग ऐकावा. बिगफुट आहे किंवा नाही, यावर तेथे क्वचितच बोलले जाते. तो ठोक्यांनी परस्परांना इशारे देतो, तो हरणांच्या मागे जातो, तो निशाचर आहे, तो माणसांच्या शेकोटीजवळ कुतूहलाने येतो, असे तपशील गृहीतावर गृहीत रचीत येत राहतात. ऐकणाऱ्याला प्रत्येक तपशिलाशी वाद घालता येतो. पण तपशिलाशी वाद घालणे म्हणजेच मूळ गृहीत मान्य करणे होय. मूल तर वादच घालीत नाही.

पथकाने रूढ केलेला ‘स्क्वाची’ हा शब्द या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. सॅस्क्वाच या नामाचे डोके उडवून उरलेल्या ‘स्क्वाच’ला इंग्रजीतील विशेषण-प्रत्यय जोडून तो बनविलेला आहे. एखादे रान, एखादा ओढा ‘स्क्वाची’ आहे, म्हणजे तेथे हा प्राणी असावा असे ते स्थळ आहे. शब्द विनोदी आहे आणि मुलांच्या तोंडी सहज बसणारा आहे. पण त्याच्या वापराची अट काय? एखादी भूमी वाघाला मानवणारी आहे असे वनाधिकारी म्हणतो तेव्हा त्यामागे वाघांच्या प्रत्यक्ष वावराची निरीक्षणे असतात. येथे प्राण्याची एकही निश्चित नोंद नसताना त्याच्या अधिवासाचे विशेषण तयार झाले, आणि मग त्या विशेषणाच्या आधारे प्राणी तेथे असल्याचे अनुमान काढले जाऊ लागले. ज्ञानाच्या व्यवहारात ज्याला चक्रक-दोष म्हणतात तो एका प्रत्ययाच्या साहाय्याने इतक्या अल्प जागेत मावल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

वस्तुतः या प्राण्यांचा इतिहास हा पुष्कळ अंशी नावांचाच इतिहास आहे. १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या पाहणीसाठी गेलेल्या हॉवर्ड-बरी यांच्या तुकडीला बर्फात मोठी पावले दिसली. हमालांनी ती हिमातील रानटी माणसाची असल्याचे सांगितले. स्वतः हॉवर्ड-बरी यांना ती लांडग्याची असावीत असे वाटले. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्रात लिहिणारे हेन्री न्यूमन यांनी हमालांच्या शब्दाचे जे ओबडधोबड भाषांतर केले, त्यातून ‘किळसवाणा हिममानव’ हे इंग्रजी नाव जन्मास आले आणि जगभर पसरले. लांडग्याचे अनुमान मागे पडले. भाषांतरातील चूक मात्र चिरंजीव झाली. ‘सॅस्क्वाच’ हा शब्द १९२० च्या दशकात ब्रिटिश कोलंबियातील चेहॅलिस वस्तीवरील शिक्षक जे. डब्ल्यू. बर्न्स यांनी हल्कोमेलम् भाषेतील शब्दावरून इंग्रजीत आणला. ‘बिगफुट’ हे नाव त्याहून अर्वाचीन. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे रस्त्याच्या कामावर मोठी पावले उमटलेली आढळली, त्या वेळी स्थानिक वृत्तपत्राने ते रूढ केले. त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारल्यावर त्यांच्या कुटुंबीयांनी लाकडी पावले दाखवून ती गंमत त्यांनीच केल्याचे सांगितले.

बर्न्स यांच्या शब्दासंबंधी येथे थोडे अधिक म्हटले पाहिजे. हल्कोमेलम् ही सेलिश कुळातील भाषा. या कुळातील अनेक भाषांत, उदाहरणार्थ लिलुएट भाषेत, वक्त्याने गोष्ट स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली हे दाखविणारे निपात आहेत. इंग्रजीच्या व्याकरणात तशी सोय नाही. तेथे ‘असे म्हणतात’ हे निराळ्या शब्दांनी सांगावे लागते आणि घाईत ते सांगायचे राहून जाते. आणखी एक गोष्ट अशी की, चेहॅलिसच्या मूळ रहिवाशांच्या परंपरेत हा जीव भूमीचा राखणदार असून दृश्य व अदृश्य अशा दोन्ही जगांत त्याचा संचार आहे. कॅमेऱ्याने पकडावयाचा अज्ञात वानर हे त्याचे रूपांतर म्हणजे एका समाजाच्या श्रद्धेचे दुसऱ्या समाजाने केलेले सरळसोट चुकीचे वाचन होय. मुलाला या मालिकांतून जे मिळते ते ना धड त्या लोकांची कथा, ना धड प्राणिशास्त्र.

मुले अशा बोलण्याचा अर्थ कसा लावतात, यावर मानसशास्त्रज्ञांनी केलेले काम महत्त्वाचे आहे. जॅकलिन वुली व जेनिफर व्हॅन रीट यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पूर्वी कधी न ऐकलेल्या वस्तूंची नावे सांगण्यात आली. काही नावे अद्भुताच्या संदर्भात आली, काही शास्त्रीय संदर्भात. अद्भुताच्या संदर्भात आलेल्या वस्तू खऱ्या आहेत असे मुलांनी कमी वेळा म्हटले. म्हणजे मूल भोळे असते ही समजूत तितकीशी खरी नाही. ते संदर्भ पाहून निवाडा करते. ‘आटपाट नगर होते’ हे शब्द कानी पडताच मराठी मूल जे जाणते तेच हे होय. परंतु याच निष्कर्षाची दुसरी बाजू चिंताजनक आहे. ज्या खुणांवरून मूल खरे ओळखते त्या सर्व खुणा, म्हणजे जीवशास्त्रज्ञ, नकाशे, मोजपट्ट्या, प्राणिजीवनाला वाहिलेली वाहिनी, या मालिकांनी उसन्या घेतलेल्या आहेत. मुलाची विवेकशक्ती येथे अपुरी पडत नाही. तिचाच उपयोग करून त्याला चकविले जाते.

पॉल हॅरिस व त्यांचे सहकारी यांचे त्याच वर्षीचे संशोधन भाषाभ्यासकाला अधिक जवळचे आहे. जंतू किंवा प्राणवायू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि भूतही दिसत नाही. तरी मुले जंतूंविषयी निःशंक असतात, भुतांविषयी साशंक. हॅरिस यांच्या मते याचे एक कारण मोठ्यांच्या बोलण्याच्या घडणीत आहे. ‘माझा जंतूंवर विश्वास आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘हात धू, जंतू असतात’ एवढेच म्हणतात. भुताविषयी मात्र ‘माझा विश्वास आहे’ किंवा ‘नाही’ असे म्हटले जाते, आणि विश्वासाचा उच्चार झाला की संशयाला वाट मिळते. या कसोटीवर ‘फाइंडिंग बिगफुट’चे निवेदन जंतूंच्या व्याकरणात चालते. भुताचा विषय जंतूच्या वाक्यरचनेत मांडणे, असे या कार्यक्रमप्रकाराचे एका वाक्यात वर्णन करता येईल.

या प्रवृत्तीचा कळस मात्र शोधपथकांच्या मालिकांत झाला नाही. तो त्यांच्या शेजारच्या एका प्रकारात झाला. अ‍ॅनिमल प्लॅनेटने मे २०१२ मध्ये ‘मरमेड्स : द बॉडी फाउंड’ हा जलमानवांविषयीचा काल्पनिक माहितीपट दाखविला. त्यातील शास्त्रज्ञ हे नट होते, आणि सर्व कल्पित असल्याची सूचना शेवटच्या श्रेयनामावलीत ओझरती होती. लोकांनी इतकी विचारणा केली की अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी सेवेला जलमानवांच्या अस्तित्वाचा कोणताही पुरावा कधी सापडलेला नाही असे निवेदन प्रसिद्ध करावे लागले. वाहिनीने यावरून घेतलेला धडा असा की, पुढील वर्षी तिने दुसरा भाग काढला, आणि तो सुमारे ३६ लाख प्रेक्षकांनी पाहिला. ऑगस्ट २०१३ मध्ये डिस्कव्हरीने नामशेष झालेला मेगॅलोडॉन हा महाकाय शार्क अद्याप जिवंत असल्याचा देखावा उभा केला. त्याच्या अखेरीस आलेली सूचना अभ्यासण्याजोगी आहे : काही घटनांना नाट्यरूप दिले असल्याचे सांगून लगेच, मेगॅलोडॉन हा खराखुरा शार्क होता आणि महाकाय शार्कांविषयी अजून वाद चालू आहे, असे तिच्यात म्हटले होते. पहिले विधान खरे, पण भूतकाळाचे; दुसरे वर्तमानकाळाचे, आणि जीवाश्मतज्ज्ञांत तसा काही वाद नाही. खुलाशाच्या वाक्यानेच दिशाभूल साधण्याचे हे कसब होय. जानेवारी २०१५ मध्ये डिस्कव्हरीचे नवे अध्यक्ष रिच रॉस यांनी असे कार्यक्रम पुन्हा होणार नाहीत असे जाहीर केले. ही सुधारणा श्रेणीव्यवस्थेने घडविली नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

भीतीचा प्रश्न निराळा आहे आणि त्याविषयी थोडक्यात सांगता येईल. जोॲन कँटर यांच्या दीर्घ संशोधनातून असे दिसते की, अगदी लहान मुले अक्राळविक्राळ रूपाला भितात, तर आठ-नऊ वर्षांपुढील मुले जे प्रत्यक्ष घडू शकेल त्याला भितात. ‘हे खरे नाही’ हे आश्वासन दुसऱ्या गटाला उपयोगी पडते, पहिल्याला फारसे नाही. आता या मालिकांत प्राण्याचे रूप जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो अंधार आणि मोठ्या माणसांचे भेदरलेले चेहरे. तेव्हा भीतीचा भार पडतो तो थोराड मुलांवर, आणि त्यांच्यासाठी असलेले एकमेव औषध कार्यक्रमाने स्वतःच काढून घेतलेले असते.

शोधाला शिकारीचे स्वरूप येते तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होतो. २०१३ मध्ये डेस्टिनेशन अमेरिका वाहिनीवर सुरू झालेल्या ‘माउंटन मॉन्स्टर्स’ या मालिकेतील वेस्ट व्हर्जिनियाचे पथक बंदुका बाळगते व सापळे रचते. तिचा सूर डोंगराळ मुलुखातील गप्पाष्टकाचा आहे, आणि प्रौढ प्रेक्षक तो ओळखतो. पण जे दिसले नाही त्यावर अंधारात बंदूक रोखणे हे दृश्य मुलासाठी सुरात गुंडाळलेले नसते. याबाबतीत वॉशिंग्टन राज्यातील स्कमेनिया काउंटी अधिक शहाणी म्हणावी लागेल. तिने १ एप्रिल १९६९ रोजी सॅस्क्वाचच्या हत्येस बंदी करणारा ठराव केला. तारीख थट्टेची होती, कारण थट्टेचे नव्हते; प्राणी असो वा नसो, त्याला शोधत बंदुका घेऊन फिरणारी माणसे खरी होती, आणि केसाळ वेष केलेला मनुष्यही खराच असू शकतो. ऑगस्ट २०१२ मध्ये मोंटाना राज्यात कॅलिस्पेलनजीक महामार्गावर, बिगफुट दिसल्याची वार्ता उठावी म्हणून झाडपाल्यासारखा दिसणारा वेष करून उभा राहिलेला एक इसम रात्री मोटारगाड्यांखाली सापडून मरण पावला. त्याचा दोष कोणा एका कार्यक्रमावर ठेवणे अन्यायाचे होईल. तथापि कल्पित प्राण्यासाठी भरणारा दंड वास्तव असू शकतो, एवढे त्यावरून निश्चित होते.

‘फाइंडिंग बिगफुट’च्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे. पथकात रने हॉलंड या जीवशास्त्रज्ञ होत्या आणि साशंकतेची भूमिका त्यांच्याकडे होती. ती साउली अस्वल असेल, ती आरोळी कोल्ह्याची असेल, हे त्या सौम्यपणे सांगत. अशा एका स्वरामुळे मुलाला मतभेदाचा नमुना पाहावयास मिळतो, आणि बरोबर बसलेल्या आईबापांना बोलण्यास निमित्त मिळते. शिवाय ही माणसे रानात जातात, ऐकतात, कोणाला इजा करीत नाहीत. अडचण इतकीच की, संशयाला चारांपैकी एक आसन देऊन तो अल्पमतात ठेवलेला आहे, आणि प्रेक्षक नकळत मते मोजतो. पुरावा मोजला जावयास हवा तेथे माणसे मोजली जातात.

भारतातील नियमांत या प्रश्नाचा एक धागा आढळतो, ही उल्लेखनीय गोष्ट होय. केबल दूरचित्रवाणीसंबंधीच्या १९९४ च्या नियमांतील कार्यक्रमसंहितेत अश्लीलता व हिंसा यांच्याबरोबरच अंधश्रद्धेस उत्तेजन देणाऱ्या कार्यक्रमांनाही मनाई आहे. अमेरिकी श्रेणींत जो रकानाच नाही तो येथे कलमाच्या रूपाने का होईना, आहे. मात्र तो देवदेवस्की व चमत्कार यांच्याकडे पाहून लिहिलेला दिसतो. मोजपट्टी व उष्णता-कॅमेरा हाती घेऊन येणारी श्रद्धा त्याच्या कक्षेत कशी बसवावी, हे सोपे नाही.

असे निवेदन मराठीत उतरवू पाहणाऱ्याला प्रत्येक वाक्यापाशी एक निवड करावी लागेल, कारण मराठीत ‘म्हणे’ आहे. ‘म्हणणे’ या धातूचे हे जुने रूप आता क्रियापद उरलेले नाही. ते ऐकीव माहितीचे निपात बनले आहे, आणि वाक्यात शिरताच ते वक्त्याची जबाबदारी काढून घेते, किंचित संशयही पेरते. ‘या ओढ्याकाठी तो रात्री येतो’ आणि ‘या ओढ्याकाठी तो म्हणे रात्री येतो’ ही दोन्ही इंग्रजीतील एकाच वाक्याची भाषांतरे होऊ शकतात. पहिल्यात भाषांतरकार मूळ शब्दांशी प्रामाणिक राहतो. दुसऱ्यात तो वस्तुस्थितीशी राहतो, आणि वाहिनीचा निर्माता ते वाक्य बहुधा परत पाठवील.